अग्निबाण वर गेला, भाव खाली आला

२६ नोव्हेंबर २०१० हा शुक्रवार होता. इंग्लंडात संध्याकाळचे ६ वाजून ३९ मिनिटे झाली होती आणि आपल्याकडे मध्यरात्र उलटून नऊ मिनिटे. त्या क्षणी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गियानात, कुरू येथील तळावरून एरियान-५ जातीचा अग्निबाण आभाळात चढला. त्याच्या पोटात दोन उपग्रह होते. त्यांतल्या धाकट्याचे नाव हायलास-१, वजन सुमारे अडीच टन. मालक लंडनची अवंती कम्युनिकेशन्स ही कंपनी. नाव ऐकून कोणाला उज्जयिनी आठवेल, पण कंपनी पक्की विलायती. हिंदुस्थानचा संबंध वेगळाच होता. उपग्रहाचा सांगाडा बंगलोरला आपल्या 'इस्रो'ने बांधला होता, आणि अग्निबाणापासून तो सुटा होताच त्याची सूत्रे हाती घेतली ती कर्नाटकातल्या हासन येथील केंद्राने.

हासनला शास्त्रज्ञ जागे होते यात नवल नाही. पण त्या संध्याकाळी इंग्लंडातल्या साध्यासुध्या घरांतूनही त्या अग्निबाणाकडे डोळे लागले होते. ते होते अवंतीचे छोटे भागधारक. आपल्या शिलकीतून कोणी पाचशे, कोणी हजार शेअर घेऊन बसलेले. लंडनचा बाजार दुपारी साडेचारलाच बंद झाला होता, आणि आता उघडणार तो थेट सोमवारी. म्हणजे उपग्रह सुखरूप पोचला हे कळल्यानंतर या मंडळींना करण्यासारखे एकच काम उरले होते. ते म्हणजे बोलणे.

काय बोलत असतील? शेअर घेतलेला माणूस कोणत्याही देशातला असो, अशा वेळी त्याच्या बोलण्यात तीन सूर निघतातच. ते तीन सूर नीट ऐकण्यासारखे आहेत; कारण पुढच्या आठ वर्षांत जे घडले, त्याचे बीज त्यांतच होते.

पहिला सूर सुटकेच्या निःश्वासाचा. "चला, एकदाचा गेला वर! आता धोका संपला." हा निःश्वास खोटा नव्हता. बंगलोरच्या सांगाड्यावर युरोपातल्या अ‍ॅस्ट्रियम कंपनीने उपकरणे चढवून केलेला आधीचा उपग्रह, डब्ल्यू-२एम, डिसेंबर २००८ मध्ये वर गेला आणि महिनाभरातच त्याच्या वीजयंत्रणेत मोठा बिघाड झाला. तो ठरल्याप्रमाणे कामाला लागलाच नाही. हायलास-१ हा त्याच जोडीच्या हातचा पुढचा उपग्रह. शिवाय तो मुळात जायचा होता फाल्कन-९ या त्या वेळी नव्या असलेल्या अग्निबाणातून; २००९ मध्ये कंपनीने बेत बदलला आणि अनुभवी एरियानची निवड केली. ज्या कंपनीचा सारा संसार एकाच गाडीवर लादलेला, तिच्या भागधारकाच्या जिवाची घालमेल होणारच. विमा असतो हे खरे. पण विम्याने पैसे मिळतात, गेलेली वर्षे मिळत नाहीत. नवा उपग्रह बांधायला दोन-तीन वर्षे तरी लागतात.

दुसरा सूर त्रैराशिकाचा. तो समजण्यासाठी हा धंदा काय आहे ते पाहिले पाहिजे. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्या गतीनेच फिरतो, म्हणून खालून पाहणाऱ्याला तो एका जागी टांगल्यासारखा भासतो. त्याच्याकडे तोंड करून घराच्या भिंतीवर एक थाळी बसवली की तारेवाचून इंटरनेट घरात येते. प्रश्न वर जातो, खाली येतो. उत्तर वर जाते, खाली येते. या चार फेऱ्यांना सुमारे अर्धा सेकंद लागतो. बोलताना तो खटकतो, पत्रव्यवहाराला चालतो. ज्या खेड्यात, ज्या डोंगराआड तारा पोचणे परवडत नाही, तिथल्या माणसाला हे वरदानच. हायलास-१ युरोपभर एकच मोठा झोत न टाकता लहान लहान झोत टाकी. दिवाणखान्यात एक झुंबर लावण्याऐवजी प्रत्येक टेबलावर वेगळा दिवा ठेवावा तसे. त्यामुळे त्याच लहरी दूरच्या झोतात पुन्हा वापरता येतात आणि तेवढ्याच उपग्रहातून अधिक माल निघतो. अवंती हा माल घाऊक विकणार होती. घरोघर तो पोचवणार होत्या दुसऱ्या कंपन्या.

आता त्रैराशिक सोपे झाले. उपग्रहावर एवढी घरे मावतात, दर घरामागे महिन्याला एवढे पौंड, म्हणजे वर्षाला एवढे. त्याला शेअरांच्या संख्येने भागा आणि भाव काढा! कागदावर हा हिशेब नेहमी सुंदर दिसतो. त्या दिवसांत अवंतीचा शेअर पाच पौंडांच्या वर होता, आणि त्या भावात ही सारी घरे जणू आधीच येऊन बसली होती.

तिसरा सूर मंडळींना न आवडणारा. प्रत्येक कोंडाळ्यात एक कुरकुरणारे गृहस्थ असतात. ते विचारतात, "मावतात तेवढी घरे येतीलच कशावरून?" त्यांच्यावर बाकीचे तुटून पडतात. 'तुमच्याजवळ शेअर नाहीत म्हणून जळता,' असेही म्हणतात. पण या गृहस्थांना उत्तर मिळायला फार दिवस लागले नाहीत. बरोबर एका महिन्याने, २६ डिसेंबर २०१० रोजी, बैकानूरच्या तळावरून युटेलसॅट या बलाढ्य कंपनीचा का-सॅट हा उपग्रह निघाला. काम तेच, गिऱ्हाईकही युरोपातलेच. झोत मात्र ब्याऐंशी. छोट्या गल्लीत आपण हौसेने दुकान थाटावे आणि महिन्याभरात समोरच मोठे भांडार उघडावे, तसा हा प्रकार. शिवाय खाली जमिनीवर सरकारे आणि टेलिफोन कंपन्या तारा पसरीतच होत्या. ज्या खेड्यात तार पोचली, ते खेडे उपग्रहाच्या गिऱ्हाइकांतून वजा झाले.

इथे या धंद्याचे एक मर्म सांगितले पाहिजे. उपग्रहावरची रिकामी जागा ही नाटकाच्या रिकाम्या खुर्चीसारखी असते. आजच्या प्रयोगाला जी खुर्ची विकली गेली नाही, ती उद्या दोनदा विकता येत नाही. हायलास-१चे आयुष्य धरले होते पंधरा वर्षांचे. पहिल्या दिवसापासून त्यातला एक एक दिवस कमी होत होता, जागा भरलेली असो वा नसो. वाण्याकडे साखर पडून राहिली तर निदान साखर तरी राहते. इथे तेही नाही.

मग कंपनीने काय केले? जे उमेदीचे व्यापारी करतात तेच. दुकान चालेना म्हणून दुसरे काढले. आफ्रिका, मध्यपूर्व आणि पूर्व युरोपकडे तोंड केलेला हायलास-२ हा उपग्रह २ ऑगस्ट २०१२ रोजी वर गेला. तोही बिनचूक. त्याच्या उभारणीला अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेचे आणि फ्रान्सच्या कोफासच्या पाठबळाचे कर्ज होते. २०१३ मध्ये कंपनीने ३७ कोटी डॉलरांचे तारणी कर्जरोखे काढले. व्याज दरसाल दर शेकडा १०. म्हणजे एका वर्षाचे नुसते व्याजच झाले ३ कोटी ७० लाख डॉलर. दाराशी येऊन उभे राहणारे व्याज गिऱ्हाईक येईपर्यंत थांबत नाही. कंपनीची विक्री वाढली, पण कर्जही वाढले. मधून मधून नवे शेअर काढून पैसा उभारला गेला. आधीच्या भागधारकाच्या दृष्टीने हे म्हणजे तीच आमटी, त्यात आणखी एक तांब्या पाणी.

कर्ज आणि शेअर यांतला फरक आपल्या घरांतून फारसा बोलला जात नाही, तो इथे बोलू. कंपनीच्या घरात पंगती ठरलेल्या असतात. पहिल्या पंगतीला तारण घेऊन पैसे देणारे बसतात. मग बाकीचे धनको. भागधारक अगदी शेवटच्या पंगतीला. स्वयंपाक भरपूर झाला तर शेवटच्या पंगतीची चंगळ असते, कारण उरलेले सगळे त्यांचे. पण पहिल्या पंगतीनेच पातेली खरवडली, तर शेवटच्या पंगतीला पाने मांडलेली असतात आणि वाढायला काही नसते. यात लबाडी कोणाचीच नसते. ती रीतच आहे. भागधारकाने पानावर बसण्यापूर्वी आपण कोणत्या पंगतीला आहोत एवढे विचारायचे असते.

२०१६ मध्ये अवंतीने स्वतःला विकायला काढून पाहिले. मनासारखा खरेदीदार मिळाला नाही. कर्जाची पुनर्मांडणी झाली, मग पुन्हा झाली. डिसेंबर २०१७ मध्ये शेवटची योजना जाहीर झाली. रोखेधारकांनी आपले बरेचसे कर्ज सोडायचे आणि त्याच्या बदल्यात कंपनीची मालकी घ्यायची, असे तिचे स्वरूप होते. मालकीच्या शंभर भागांतले नव्वदांहून अधिक त्यांच्याकडे जाणार होते. जुन्या भागधारकांना मिळून जे उरले ते दहाच्याही आत.

आणि आता मौज पाहा. याच सुमारास तिसरा मोठा उपग्रह, हायलास-४, कुरूला तयार होऊन उभा होता. जानेवारी २०१८ मध्ये एरियान-५च्या एका उड्डाणात दिशा चुकली होती. म्हणून सारे धास्तावलेले. ५ एप्रिल २०१८ रोजी रात्री अग्निबाण सुटला आणि हायलास-४ अगदी हवा तसा मार्गी लागला. चौसष्ट झोतांचा, कंपनीचा सर्वांत समर्थ उपग्रह! भागधारकांनी कितीतरी वर्षे ज्याची वाट पाहिली तो हाच क्षण. पण त्याच महिन्यात ती अदलाबदल पुरी झाली. उपग्रह कक्षेत आणि मालकी रोखेधारकांच्या हाती. पाच पौंडांवरचा शेअर काही पेनींवर आला होता. २०१० च्या त्या शुक्रवारी ज्याचे पाच हजार पौंड यात होते आणि ज्याने ते तसेच धरून ठेवले, त्याच्याजवळ दोनशे पौंडही उरले नाहीत.

ध्यानात घ्या, एकही अग्निबाण फुटला नाही. ज्या धोक्याने भागधारकांची झोप उडवली होती, तो तिन्ही वेळा टळला. ज्या धोक्याने पैसे गेले, त्याची तारीख कोणत्याही वेळापत्रकात नव्हती, त्याची उलटगणती कोणी ऐकली नाही. २०२२ मध्ये मूळ कंपनीचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. उपग्रहांची सेवा मात्र चालू राहिली. खेड्यातल्या शाळेला किंवा दवाखान्याला आपल्या थाळीत उतरणाऱ्या लहरी कोणाच्या मालकीच्या, याच्याशी कर्तव्य नव्हते.

ही अवंतीचीच कर्मकथा असती तर एवढी लांबवली नसती. सहासष्ट उपग्रहांची इरिडियम कंपनी नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू करून ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली. सुमारे ५ अब्ज डॉलर खर्चून उभारलेला तो पसारा नव्या मालकांना अडीच कोटींच्या आसपास मिळाला, आणि त्यांनी तो चालवून दाखवला. वनवेब कंपनी मार्च २०२० मध्ये बसली. ब्रिटिश सरकार आणि आपल्याकडचा भारती उद्योगसमूह यांनी ती उचलली. ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये तिचे एकूण बहात्तर उपग्रह आपल्याच श्रीहरिकोट्याहून वर गेले. पहिला पैसा घालणारा पस्तावतो आणि दुसरा स्वस्तात घेणारा कमावतो, असे या धंद्यात अनेकदा दिसते.

मग सामान्य गृहस्थाने आभाळातल्या धंद्याच्या वाटेला जाऊच नये काय? तसे मी म्हणणार नाही. धाडसी पैसा कोणीच लावला नसता तर उपग्रह कागदावरच राहिले असते. पण उड्डाणाच्या बातमीने हात शिवशिवू लागले की चार प्रश्न विचारावेत. एक, उपग्रहावरची किती जागा आजच विकली गेली आहे? दोन, कर्ज किती, व्याज किती, फेड केव्हा? तीन, समोरच्या गल्लीत दुसरे कोण दुकान थाटत आहे? चार, पैसा कमी पडला तर कंपनी आणखी किती शेअर काढील? उत्तरे नसतील तर तेवढाच पैसा घालावा, जो गेला तर मुलांच्या शिक्षणाला आणि आजारपणाच्या तरतुदीला धक्का लागणार नाही. आणि आपल्या कोंडाळ्यातले ते कुरकुरणारे गृहस्थ? त्यांना हाकलू नये. चहा पाजून पुरते बोलू द्यावे.

दिवाळीत दलाल स्ट्रीटवर मुहूर्ताचे सौदे होतात आणि घरोघरची मुले गच्चीवर बाण उडवतात. बाण सुटला की आपण सारेच मान वर करून पाहतो. ते पाहणे आनंदाचेच असते. फक्त घरातल्या कर्त्याने एवढे लक्षात ठेवावे की बाण किती उंच गेला याचा हिशेब आभाळात होतो, आणि आपल्या पैशाचा हिशेब जमिनीवर.