फडातल्या लेकरांचा घास

दिवाळीच्या आगेमागे आपल्या शिवारात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. टोळी येणार म्हणून आपण गाडीवाट दुरुस्त करतो, बैलांच्या पाण्याची सोय बघतो. पण कोप्यांत लेकरं किती आली, हे कोणी मोजत नाही.

गेल्या हंगामात एका फडावर गेलो होतो. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी, झोळीत आठ महिन्यांचं पोर आणि झोका द्यायला पाच वर्षांची बहीण. आई पहाटेपासून तोडीला. दोघांच्या पोटात चहा-बिस्कीट, तेवढंच. अंगणवाडी दोन किलोमीटरवर, गावठाणात. आईला विचारलं, तर म्हणाली, "सायेब, आमची नावं गावाकडं. हितं कोण घेणार?"

हा समज खोटा आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळणे हा हक्क आहे. तीन वर्षांखालच्यांना घरी नेण्याचा शिधा, त्यावरच्यांना नाश्ता आणि गरम जेवण. परगावचे नाव इथल्या अंगणवाडीत घेण्याची सोय पोषण ट्रॅकरमध्ये आहे.

मात्र नुसत्या शिध्याने भागत नाही. आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय दिवसातून दोन-तीनदा मऊ, घट्ट आहार लागतो. तो भरवणार कोण? 50 कामगार असलेल्या आस्थापनेला कायद्याने पाळणाघर सक्तीचे आहे; पण टोळी मुकादमामार्फत येते, त्यामुळे पाळणाघराची जबाबदारी कोणीच घेत नाही.

मग आपण काय करावे? टोळी उतरली की त्याच दिवशी सेविकाताईंना कळवा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी कोप्यांवर जाऊन यादी करावी. टोळीतली एक जाणती बाई लेकरांजवळ ठेवावी. तिच्या रोजाला मुकादम आणि शेतकरी दोघांनी हातभार लावावा. आपल्या वस्त्यांचेही बघा. 40 बालके असून अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा 13 डिसेंबर 2006 चा आदेश आहे. ग्रामसभेत ठराव घ्या.

वासराला सुरुवातीला दूध कमी पडले, तर पुढे कितीही पेंड घाला, ते भरत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. माणसाच्या लेकराचेही तसेच. यंदा बैल मोजताना लेकरंही मोजा.