पदवी आहे, पण भाषा?

कॅनडाच्या कुशल कामगार योजनेत पात्र ठरायला १०० पैकी ६७ गुण लागतात, आणि आपल्याकडे सगळी भिस्त पदवीवर! प्रत्यक्षात शिक्षणाला जास्तीत जास्त २५ गुण आहेत, भाषेला २८. वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं यांपैकी एकातही किमान पातळी हुकली, तर पीएचडीसुद्धा उपयोगाची नाही. हा अन्याय आहे, असं कुणी म्हणेल; पण सुरक्षेची सूचना ज्याला धड कळत नाही, तो इंजिनिअर तिथल्या कारखान्यात कुशल कसा ठरणार? वयाचा निकष मात्र निष्ठुर खरा: पस्तिशीनंतर दरवर्षी एक गुण गळतो, ४७व्या वर्षी शून्य. शिवाय ६७ गुण म्हणजे व्हिसा नव्हे. २०१५पासून पात्र उमेदवारांची वेगळ्या गुणपद्धतीने पुन्हा चाळणी होते. एजंटांच्या जाहिरातीत ही ओळ शोधून बघा.