टेपवर जपलेली माहिती
संगणकाच्या जमान्यात टेप कशाला, असं आपल्याला वाटेल. पण फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे जीमेलच्या काही ग्राहकांची पत्रं दिसेनाशी झाली. माहितीच्या प्रती वेगवेगळ्या केंद्रांत होत्या; दोष एकाहून अधिक प्रतींना बाधला. वाचल्या त्या टेपवरच्या प्रती, कारण त्या संगणकाला जोडलेल्याच नव्हत्या. त्यांवरूनच पत्रं परत मिळाली.

कार्यालयांत बॅकअपसाठी वापरतात ती एलटीओ टेप अर्धा इंच रुंद असते. आजच्या टेपवर तेवढ्या रुंदीत हजारो रेघांमध्ये माहिती लिहिलेली असते. त्यामुळे टेप ड्राइव्हच्या हेडवर थोडी धूळ बसली, तरी वाचताना चुका होतात. ड्राइव्हनं सूचना दिली की सफाईची खास कॅसेट चालवावी. उगाच रोज मात्र नको, त्यानं हेड झिजतं. टेप कोरड्या, थंड जागी ठेवावी. बाहेरून आणल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मगच ड्राइव्हमध्ये घालावी. खाली पडलेल्या टेपवर भरवसा ठेवू नये.

आणि अधूनमधून एखादी फाइल टेपवरून परत उतरवून पाहावी. प्रत वाचता येत नाही, हे अडचणीच्या दिवशी कळून काय उपयोग?