शेवटच्या फार्दिंगपर्यंत

‘पैन् पै चुकती केली’ असे आपण आजही म्हणतो. पण आजच्या पिढीने पै पाहिलेली नाही. १९५७ मध्ये दशमान नाणेपद्धती आली आणि आणे-पै हळूहळू व्यवहारातून गेले. नाणे गेले, शब्द मात्र उरला. इंग्रजीतील ‘फार्दिंग’ या शब्दाचेही असेच झाले.

फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा भाग. आपल्या ‘पावली’प्रमाणे या नाण्याच्या नावातच त्याचा हिशेब आहे, कारण जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच ‘चौथा हिस्सा’ असा होता. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सुटे हवे असले, की चांदीच्या पेनीवरील क्रूसाच्या रेषांवरून तिचेच दोन किंवा चार तुकडे करीत. पुढे १२७९ च्या सुमारास, पहिल्या एडवर्ड राजाच्या काळात, गोल फार्दिंग नियमित पाडले जाऊ लागले. एका पौंडात असे ९६० फार्दिंग. १९३७ पासून या सर्वांत लहान नाण्यावर ‘रेन’ हा चिमुकला पक्षी विराजमान झाला आणि ३१ डिसेंबर १९६० नंतर नाणे चलनातून बाद झाले.

आपल्याशीही त्याचे एक नाते होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे सोळा पेन्स, असा स्थिरावला. रुपयाचे आणेही सोळाच! त्यामुळे आणा पेनीच्या बरोबरीचा झाला आणि आण्याचा चौथा भाग असलेला पैसा फार्दिंगच्या. आपली पै त्याहूनही लहान. तीन पै मिळून एक पैसा होई.

या शब्दाच्या वापरात दोन परस्परविरोधी अर्थ सुखाने नांदतात. ‘पितळी फार्दिंगच्याही लायकीचे नाही’ म्हणजे आपल्या भाषेत फुटक्या कवडीच्या मोलाचे. उलट ‘शेवटच्या फार्दिंगपर्यंत’ म्हणजे पैन् पै. एके ठिकाणी तेच नाणे तुच्छतेचे माप, तर दुसरीकडे सचोटीचे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये शेवटचा फार्दिंग फेडल्यावाचून सुटका नाही, असा इशारा आहे. आणि गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन नाण्यांची किंमतही एक फार्दिंगच सांगितली आहे. मूळ ग्रंथात तेथे रोमन नाणी आहेत. अनुवादकांनी वाचकाच्या ओळखीचे लहान नाणे योजले.

या दोन अर्थांपैकी खरा कोणता, हे मला बँकेच्या नोकरीत उमगले. खातेवह्या हाताने लिहिण्याचे ते दिवस. एकदा बचत खात्यांच्या ताळ्यात पाच पैशांचा फरक येत होता. रात्रीचे नऊ वाजले होते. मी म्हणालो, “साहेब, पाच पैसे मी खिशातून भरतो, पण आता घरी जाऊ या.” साहेब शांतपणे म्हणाले, “पाच पैसे तुम्ही भराल हो. पण चूक कोण भरणार?” पुन्हा एकेक नोंद तपासली. एका खात्यात ४५४ रुपयांऐवजी ५४४ रुपये जमा झाले होते आणि एका वृद्धेचे ९० रुपये ५ पैशांचे कुटुंब-निवृत्तिवेतन तिच्या खात्यात चढलेच नव्हते. दोन मोठ्या चुका एकमेकींआड दडल्या होत्या. बाहेर दिसत होते ते केवळ पाच पैसे. ते मी खिशातून भरले असते, तर त्या माउलीला पुढल्या खेपेस रिकाम्या हाताने परतावे लागले असते.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘हीनाधिकमानोन्मान’ सांगितले आहे: देताना कमी मापाने द्यायचे, घेताना जास्त मापाने घ्यायचे. हा दोष किती रकमेपासून सुरू होतो, याची मर्यादा तेथे घातलेली नाही. आपण मात्र ती मनाशी घालून घेतो. सुटे नाहीत म्हणून ग्राहकाच्या हातावर गोळी ठेवतो, संस्थेच्या हिशेबातला किरकोळ फरक ‘इतर खर्चा’त ढकलतो. रक्कम क्षुल्लक असते, हे खरे. पण ती दुसऱ्याची असते.

स्वतःच्या परिग्रहाचा विचार करताना फार्दिंगला कवडीमोल मानावे. दुसऱ्याचे देणे देताना मात्र तो शेवटचा फार्दिंगही मोजून द्यावा. दोन्ही अर्थ आपापल्या जागी योग्यच आहेत. त्यांची अदलाबदल होऊ नये, एवढेच सांभाळायचे.