अंगणातली विलीज : जुनी अमेरिकन जीप घरी उभी करताना

आमच्या इंझोरीच्या घरामागे लिंबाच्या झाडाखाली एक जीप वीस वर्षांहून जास्त काळ उभी होती. तिच्या बॉनेटवर कोंबड्या बसत. अब्बांनी ती जुन्या काळी विकत घेतली होती आणि कापडाचे गठ्ठे लादून कारंजा, मानोरा, दारव्हा असे बाजार त्यांनी तिच्यावर केले. अब्बा गेल्यावर तिला कोणी हात लावला नाही. मागच्या वर्षी एक भंगारवाला दारात आला, त्याने टायरला लाथ मारून पाहिली आणि लोखंडाचा भाव किलोवर सांगितला. मी हो म्हणणारच होतो. पण हा भाव कापडाच्या चिंध्यांसारखा लागला आहे, असे मनात आले आणि मी त्याला चहा पाजून परत पाठवले.

त्यानंतर चौदा महिने जे केले त्याचा हिशेब व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे मांडत आहे. आपल्या लोकांत मोटारीचे मिस्त्री, डेंटर, पेंटर, कुशनवाले, खरादवाले पुष्कळ आहेत. जुनी गाडी उभी करणे हे या सगळ्या हुनरांचे एकत्र काम आहे. आजकाल शहरातले शौकीन लोक त्याला चांगला पैसा मोजतात. आपल्या हातात ते काम आहे, मात्र त्याची माहिती अर्धवट आहे.

प्रथम ओळख. वऱ्हाडात जुन्या जीपला सरसकट 'डिस्पोजलची जीप', 'लढाईची जीप' म्हणतात. आमचे अब्बाही हेच सांगत. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. लढाई संपल्यावर हिंदुस्थानातल्या छावण्यांत राहिलेला माल लिलावात निघाला आणि तो लोकांनी घेतला, हे खरे. पण त्यानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने विलीजचे सुटे भाग आणून जुळवणी सुरू केली, आणि पुढे जीप इथेच बनू लागली. म्हणून खेड्यापाड्यातल्या बहुतेक जुन्या जीपा लढाई पाहिलेल्या नाहीत.

या कंपनीचा एक किस्सा आपल्या वाचकांना ठाऊक असावा. 1945 मध्ये ती निघाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' असे होते आणि धंदा पोलादाचा होता. जे. सी. आणि के. सी. महिंद्र या भावांचे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि 1951 मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे 1948 मध्ये पाटी बदलून 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. पुढे जो जीपवाला कारखाना घराघरांत माहीत झाला, त्याच्या पहिल्या पाटीवर अर्धे नाव एका मोहम्मदचे होते.

आता फरक कसा ओळखावा ते सांगतो, कारण यातच फसवणूक चालते. युद्धकाळातल्या जीपच्या तोंडावरच्या पत्र्याच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात. दिवे लहान, जाळीच्या आत दबलेले, आणि उलटे फिरवून इंजिनावर उजेड पाडता येईल असे. मागे फळका उघडत नाही. फोर्डने बनवलेल्या जीपच्या कित्येक भागांवर, नटबोल्टांवरसुद्धा, 'एफ' अक्षर ठोकलेले सापडते. त्यानंतरच्या नागरी जीपला फटी सात, दिवे मोठे आणि मागचा फळका खाली पडणारा. आणि बॉनेट उंच असेल, तोंड घोड्यासारखे लांबट दिसत असेल, तर ती 'सीजे-3बी', जी महिंद्रने वर्षानुवर्षे बनवली.

कारंजाचे आमचे उस्ताद सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांनी जीपभोवती एक चक्कर मारली, बोटाने फटी मोजल्या आणि म्हणाले, "सेठ, सात है. ये लढाई की नही." मला खरे सांगायचे तर वाईट वाटले. अब्बांनी आयुष्यभर जे अभिमानाने सांगितले ते एका बोटाने खोटे ठरले. संदुकीतून नोंदणीचे जुने पुस्तक काढले तर त्यात साल 1962. उस्ताद हसून म्हणाले, अहो, बरे झाले, हिचे सामान मिळते.

बॉनेट उंच का, तेही त्यांनीच दाखवले. लढाईच्या जीपचे इंजिन 'गो डेव्हिल', चार सिलिंडर, 2199 सीसी, 60 अश्वशक्ती. त्यात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला असतात, वर हेड सपाट. पुढच्या 'हरिकेन' इंजिनात आकार तोच ठेवून हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला. ताकद सत्तरीच्या पुढे गेली, इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले.

आमचे इंजिन जाम होते. इथे नवशिके लोक चूक करतात. हँडल मारून किंवा ट्रॅक्टरने ओढून जोर लावतात, आणि रिंग तरी तुटते किंवा पिस्टन तरी. उस्तादांनी चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये रॉकेल आणि ऑइल मिसळून ओतले आणि आठ दिवस कोणी हात लावायचा नाही असे बजावले. नवव्या दिवशी हँडल केसभर हलले. त्याच दिवशी पूर्ण फिरवले नाही, रोज थोडे थोडे. मग इंजिन उतरवून बोअरिंग, नवे पिस्टन, व्हॉल्व्ह घासणे ही कामे झाली. सामानाचे म्हणाल तर रिंग, गॅस्केट, ब्रेकचे व्हील सिलिंडर, किंगपिनचा संच हे सगळे आजही मिळते, कारण ही जीप फार वर्षे चालली आणि तिचे पुष्कळ भाग पुढच्या मॉडेलनाही लागत.

एक गोष्ट मात्र जुन्या पुस्तकात सापडणार नाही. 2025 पासून पंपावर जे पेट्रोल मिळते त्यात 20 टक्के इथेनॉल असते. ते पाणी धरते, टाकी आतून गंजते, आणि जुन्या रबरी नळ्या व पेट्रोल पंपाचा पडदा फुगून फाटतो. आम्ही पहिल्या महिन्यातच एक पडदा गमावला. नळ्या आणि पडदा नव्या रबराचे घालावेत, आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करावी.

खरा वाद घरात झाला तो इंजिनावरून. माझ्या मुलाचे म्हणणे, अब्बू, लिटरला सात-आठ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल इंजिनावर पैसा घालू नका, डिझेल इंजिन बसवू, रुंद टायर टाकू, पॉवर स्टिअरिंग घालू. त्याचे बोलणे उगाच नव्हते. 1973 नंतर पेट्रोल महागले तेव्हा गावोगावच्या मिस्त्र्यांनी जीपांत डिझेल इंजिने बसवली आणि कित्येकांचा धंदा त्यावर चालला. कंपनीनेसुद्धा पुढे डिझेल जीपा काढल्या. पण कायदा तेव्हा असा कडक नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितले. इंजिन बदलायचे तर आरटीओची आगाऊ मंजुरी पाहिजे. मंजुरीविना केलेल्या बदलावर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते.

दुसरा मुद्दा पैशाचा आहे. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली, खाजगी, आणि चासी, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. नव्याने नोंदणी असेल तर फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, नंबरात 'व्हीए' अक्षरे. आधीची नोंदणी असेल तर जुनाच नंबर राहतो. अट अशी की ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशाच कामासाठी रस्त्यावर आणायची, रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. म्हणजे डिझेल बसवले की विंटेजचा दरवाजा बंद, आणि शौकीन गिऱ्हाईकही मूळ इंजिनालाच मान देते. मुलगा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तोच कार्बोरेटर धुवायला बसला.

पत्र्याच्या कामात मला एक धक्का बसला. एका गॅरेजात बॉडी दिली होती, नाव लिहीत नाही. तिथल्या पोराने चासीवरचा गंज काढताना ग्राइंडर थेट नंबराच्या जागेवर नेला. मी योगायोगाने तिथे उभा होतो म्हणून वाचलो. चासीचा ठोकलेला नंबर गेला तर कागद असूनही गाडी चोरीची ठरते. तो भाग रॉकेलच्या फडक्याने आणि पितळी ब्रशने हाताने साफ करावा, फोटो काढून ठेवावा आणि मगच कारागिराच्या हवाली करावा.

हूडबद्दल मात्र मला उस्तादांची गरज पडली नाही, ते माझ्या धंद्याचे काम आहे. बाजारात सगळे प्लास्टिकची ताडपत्री किंवा रेक्झीन सुचवतात. स्वस्त आहे, पाणी आत येत नाही, पण आतली वाफही बाहेर जात नाही. रात्री आतून घाम सुटतो आणि पत्रा व कांब्या गंजतात. जीपला सुती कॅनव्हासच पाहिजे, तोही 'डक' जातीचा, ज्यात ताण्या-बाण्याला दुहेरी किंवा जास्त पिळाचे सूत असते. डकचा नंबर उलटा चालतो हे ध्यानात ठेवा, नंबर जितका लहान तितके कापड जड. 10 नंबर साधारण पावणेपंधरा औंस चौरस वाराला, 8 नंबर 18 औंस. हूडला 10 नंबर पुरतो. 8 नंबर घरच्या मशीनवर शिवायला गेलात तर सुया मोजत बसाल.

शिवणीचा दोराही सुतीच घ्या. टेरिकॉटचा दोरा मजबूत असतो, पण तो भिजून फुगत नाही, त्यामुळे सुईचे छिद्र उघडे राहून पावसात थेंब टपकतो. सुती दोरा पाणी पिऊन फुगतो आणि छिद्र स्वतःच बुजवतो. कापड शिवण्याआधी एकदा भिजवून वाळवून घ्यावे, नाहीतर पहिल्या पावसात हूड आखडून बटणे लागत नाहीत. मग उन्हात तापवून मेण चोळावे. नुसत्या माथ्याच्या हूडला 36 इंची पन्ह्याचे साताठ मीटर लागतात. आमचा हूड गावातल्याच एका भाईने शिवला, जो एरवी शाळेच्या पोरांचे गणवेश शिवतो. दुहेरी घडीची शिवण त्याने एकदा पाहिली आणि दुसऱ्यांदा माझ्यापेक्षा सरळ मारली. आता अमरावतीहून एका जीपवाल्याने त्याच्याकडे माप पाठवले आहे.

खर्चाची वही पाहिली तर पाचातले दोन भाग इंजिन आणि गिअरला गेले, एक भाग पत्रा-रंगाला, एक टायर आणि ब्रेकला, आणि उरलेला हूड, वायरिंग व किरकोळात. सर्वांत कमी पैसा उस्तादांनी घेतला, त्यांना तो जबरदस्तीने द्यावा लागला. त्यांच्या हाताखाली आज एकही शागीर्द नाही. नवी पोरे संगणक लावून गाडी तपासतात, त्यात चूक काही नाही. पण जिचे पॉइंट कागदासारखी पातळ पट्टी घालून बसवावे लागतात त्या गाडीपुढे ती उभी राहतात आणि गप्प होतात. माझ्या मुलाने चौदा महिन्यांत उस्तादांचे हात मोबाइलवर चित्रित करून ठेवले, तेवढी वही तरी राहिली.

कागदाचे काम अजून बाकी आहे. पुस्तक अब्बांच्या नावावर होते. मालक वारला तर वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म 31 भरायचा असतो, आम्ही वर्षानुवर्षे झोपलो, त्यामुळे आता भावा-बहिणींच्या संमतीपत्रांसह उशिराचा दंडही भरला. बहिणीने सही करताना एवढेच विचारले, अब्बांची सीट तीच ठेवलीस ना? सीटची चौकट तीच आहे, कापड नवे आहे. विंटेजमध्ये न जाता आधी साधे पाच वर्षांचे नूतनीकरण मागितले आहे, कारण मला ही जीप एकदा तरी गठ्ठे लादून मानोऱ्याच्या बाजारात न्यायची आहे. वाशीमला तपासणीची तारीख लागेपर्यंत ती फाटकाबाहेर काढत नाही. रोज फजरनंतर दहा मिनिटे अंगणातच चालू करतो, आणि कोंबड्यांनी आता दुसरी जागा धरली आहे.