सुकटीच्या मुठीमागचा समुद्र

अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले वेळापूर समुद्रापासून बरेच दूर आहे. तथापि माळशिरस तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या भाकरीबरोबर येणारी सुकट ही समुद्राचीच देणगी होय. जवळा नावाची ही इवलीशी कोळंबी कोकण किनाऱ्यावर डोल जाळ्यात सापडते आणि उन्हात वाळवून देशावरील आठवडी बाजारात पोहोचते. गरिबाच्या ताटातील स्वस्त प्रथिनांचा हा एक प्रमुख पुरवठा असल्याने समुद्रातील कवचधारी जलचरांचे काय होत आहे, हा प्रश्न केवळ कोळी बांधवांचा राहत नाही.

जगात नैसर्गिक जलाशयांतून दरवर्षी सुमारे ६० लाख टन कोळंबी, खेकडे, शेवंड इत्यादी पकडले जातात. हा आकडा बऱ्याच अंशी स्थिरावला असून संवर्धनातून मिळणारे उत्पादन मात्र १ कोटी टनांच्या पुढे गेले आहे. परंतु एकूण आकडा स्थिर दिसला, तरी प्रत्येक देशाची कहाणी निराळी आहे.

कॅनडात १९९२ मध्ये न्यू फाउंडलंडच्या कॉड माशाची मासेमारी बंद करावी लागली. पुढे तेथील मच्छीमारांना कोळंबी आणि हिमखेकड्यांनी तारले. अलास्कालगतच्या बेरिंग समुद्रात नेमके उलट घडले. पाणी तापल्याने २०१८ नंतरच्या काही वर्षांत १,००० कोटींहून अधिक हिमखेकडे नाहीसे झाले आणि २०२२ मध्ये तेथील हंगाम प्रथमच रद्द झाला. पश्चिम ऑस्ट्रेलियाने मात्र शेवंडीची पिले कमी दिसू लागताच, पुढची घट अंगावर येण्यापूर्वीच, पकडीवर कडक मर्यादा घातली. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

आपल्याकडे ती दाखविता आली नाही, हे मान्य केले पाहिजे. मुंबईलगतच्या समुद्रात चपट्या जातीची शेवंड ट्रॉलरच्या जाळ्यात विपुल सापडत असे. परदेशी मागणी वाढली, तशी अंडी पोटाखाली बाळगणाऱ्या माद्याही सरसकट उचलल्या गेल्या. १९९४ पर्यंत ही मासेमारी जवळजवळ संपुष्टात आली.

जवळ्याचे गणित वेगळे आहे. त्याचे आयुष्य वर्षभराचेही नसते. त्यामुळे त्याची भरपाई लवकर होते. अडचण जाळ्याची आहे. डोल जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेले असते. जवळा अडकावा इतके त्याचे आस बारीक ठेवले, की त्यात इतर माशांची पिलेही अडकतात. आस मोठे केले, तर जवळाच निसटतो. राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडीचे किमान आकारमान ठरविले. मोठ्या माशांच्या बाबतीत ते पाळणे तुलनेने सोपे आहे. परंतु ज्याचा जवळ्यावरच संसार चालतो, त्या डोलकराने पिलांना कसे सोडावे, याचा तोडगा अद्याप निघावयाचा आहे.