बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील अणदूरसारख्या गावी जुनी गाडी ‘बॅटरी बसली’ म्हणून ढकलत गॅरेजवर येते. मारुती 800 आणि अॅम्बॅसिडरचे उत्पादन 2014 मध्ये थांबले, तरी या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. अनेक कारागीर सरळ नवी बॅटरी बसवतात. दोष चार्जिंगचा असेल तर तीही बसते आणि गिऱ्हाईक कायमचे तुटते.

कारागीर बंधूंनी प्रथम टर्मिनल साफ करावेत, बेल्टचा ताण पाहावा, मग मल्टिमीटर लावावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 हवेत. 15 च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला समजावे. अल्टरनेटरवर 14 आणि बॅटरीवर 13 दिसल्यास वायर किंवा अर्थिंग तपासावे. आकडा मुळीच वाढत नसेल तर चावी फिरवून चार्जिंगचा दिवा पाहावा. तो बल्ब उडाला, तरी पुष्कळ जुन्या गाड्यांत चार्जिंग होत नाही. दिवा ठीक असल्यास कार्बन ब्रश, रेग्युलेटर आणि डायोड पाहावेत.

चालू गाडीत बॅटरीची वायर काढून पाहण्याची सवय डायनामोच्या काळातली आहे. अल्टरनेटरमध्ये त्याने व्होल्टेज उसळते आणि डायोड जळतात.

गिऱ्हाईकाला मीटरवरचे आकडे दाखवावेत आणि तपासणीची मजुरी मोकळेपणाने मागावी. ती हक्काची कमाई आहे. नको असलेला माल गळ्यात मारून आलेल्या पैशात बरकत नसते.